थेंबाचा हिशेब

मोटारीचे ट्युनिंग म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. बॉनेट उघडे आहे, इंजिन चालू आहे आणि मिस्त्री मान तिरकी करून, डोळे अर्धे मिटून कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा आत, पाव आटा बाहेर करतो आहे. मालकाने अशा वेळी बोलायचे नसते. इंजिनाचा आवाज एका ठिकाणी येऊन गोड लागला की मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकतो, हात पुसतो आणि म्हणतो, ‘न्या गाडी.’ काय केले, किती केले, हे त्याने सांगायचे नाही आणि आपण विचारायचे नाही.

पिंपरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात मी तीस वर्षे काढली. यंत्रांच्या जोडीला कारखान्याच्या दोन ॲम्बॅसडरही माझ्याच गळ्यात होत्या. मिस्त्रीची ती विद्या मी बघून बघून उचलली आणि पुढे तिचा थोडा अभिमानही बाळगला. १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट आले, पेट्रोल भडकले. वरून हुकूम सुटला, ‘ॲव्हरेज वाढवा.’ मी स्क्रू फिरवून मिश्रण पातळ केले, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. ॲव्हरेज वाढले, माझी पाठ थोपटली गेली. या गोष्टीला उत्तरार्ध आहे, तो पुढे येईलच.

कालांतराने तो स्क्रूच नाहीसा झाला. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात युरोपीय धर्तीचे निकष लावायला सांगितले आणि नवे शतक उजाडता उजाडता आपल्या मोटारींवरचा कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि स्कूटर-मोटारसायकलीही त्याच वाटेने गेल्या. आता गाडीत कुठेतरी एक बंद डबा असतो. बिघाड झाला की मिस्त्री डोके खाजवतो आणि म्हणतो, ‘स्कॅनर लावावा लागेल.’ आपली विद्या संपली, अशी समजूत करून घेऊन मीही गप्प बसलो होतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेला गेलो. डेट्रॉइटजवळ, मिशिगन राज्यातल्या नोव्ही गावी तो राहतो. सहा महिन्यांचा मुक्काम. पहिले आठ दिवस कौतुकात गेले, पुढचे आठ खिडकीतून हिरवळ बघण्यात. एका शनिवारी चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, गॅरेजमध्ये या. तुमच्यासाठी काम आहे.’

गॅरेजमध्ये १९७१ सालची एमजीबी उभी होती. दोन माणसांची, उघड्या टपाची ब्रिटिश गाडी. बॉनेट उघडले आणि मी चाटच पडलो. समोर माझ्या ॲम्बॅसडरच्या इंजिनाचा सख्खा भाऊ होता! आपल्या ॲम्बॅसडरचे १४८९ सीसीचे जुने पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातली. तेच टॅपेटचे झाकण, तीच ठेवण. फक्त जिथे दोन एसयू कार्ब्युरेटर असायला हवेत, तिथे भंगारात निघालेल्या एका पिकअप ट्रकची थ्रॉटल बॉडी बसवलेली होती. तिच्यात दोन इंजेक्टर होते आणि वायरींचा एक जुडगा डॅशबोर्डखालच्या छोट्या ॲल्युमिनियमच्या डब्यात जात होता.

‘हा डबा मी स्वतः सोल्डर केला आहे,’ चिरंजीव म्हणाले. ‘आता त्याला शिकवायचे आहे. एकट्याला जमणार नाही. मी गाडी चालवणार, तुम्ही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणार.’

त्या डब्याचे नाव मेगास्क्वर्ट. ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकन माणसांनी २००१ मध्ये हौशी लोकांसाठी तो आणला. सुटे भाग घ्यायचे, घरी जोडायचे, तपासायचे आणि कळेपर्यंत त्याच्याशी झटायचे. सर्किटचा नकाशा त्यांनी लोकांपुढे मांडला, कारण शिकणे हाच हेतू होता.

कल्पना मात्र जुनी. १९५८ च्या सुमारास बेंडिक्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांवर बसले, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते पेलले नाही आणि बहुतेक गाड्यांवर पुन्हा कार्ब्युरेटर चढले. १९६७ मध्ये जर्मनीच्या बॉशने ‘डी-जेट्रॉनिक’ आणले, ते फोक्सवॅगन १६०० वर बसले आणि टिकले. यातल्या ‘डी’चा अर्थ दाब. इंजिन जिथून हवा ओढते त्या नळीतला दाब मोजायचा, त्यावरून किती हवा आत गेली ते काढायचे आणि तेवढ्या हवेला लागेल तेवढेच पेट्रोल फवारायचे. चिरंजीवांचा डबा हेच गणित करतो.

हे गणित मला त्यांनी वहीत करून दाखवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कळले की मी इतकी वर्षे काय फिरवत होतो. या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण साडेचारशे घनसेंटिमीटरचा. तो पूर्ण भरला तर आतल्या हवेचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम. एक भाग पेट्रोल जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. भागाकार केला की एका स्फोटाला सुमारे ३७ मिलिग्रॅम पेट्रोल येते. म्हणजे जेमतेम एक थेंब! मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चार सिलिंडरचे सेकंदाला शंभर स्फोट होतात. गाडी नुसती उभी असते तेव्हा तर एका स्फोटाला थेंबाचा चतकोरच पुरतो. हा हिशेब कार्ब्युरेटर हवेच्या ओढीने करायचा आणि डबा इंजेक्टरची सुई किती सहस्रांश सेकंद उघडी ठेवायची ते ठरवून करतो. सुई उघडायलाच सुमारे एक सहस्रांश सेकंद जातो, आणि बॅटरी मंदावली तर जास्त. तोही हिशेबात धरावा लागतो.

पण सिलिंडर नेहमी पूर्ण भरत नाही. किती भरतो हे फेऱ्यांवर आणि दाबावर अवलंबून असते, आणि प्रत्येक इंजिनाचे वेगळे. म्हणून डब्यात एक कोष्टक असते, आमच्या शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखे. आडव्या ओळीत फेरे, उभ्या ओळीत दाब, बारा गुणिले बारा, एकूण १४४ रकाने. प्रत्येक रकान्यात एक आकडा, त्या परिस्थितीत सिलिंडर किती टक्के भरतो त्याचा. ट्युनिंग म्हणजे हे १४४ आकडे बरोबर भरणे. मिस्त्रीचा स्क्रू एक होता. इथे १४४ होते.

आकडा बरोबर की चूक हे सांगायला धुराच्या नळीत एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला होता. हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीतून प्रथम बाजारात आला. कन्व्हर्टर नीट चालायला हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ च्या अगदी जवळ ठेवावे लागते, आणि ते कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. गाड्यांवर इंजेक्शन आले ते मुख्यतः या धुरापायी. साधा सेन्सर मिश्रण १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढेच सांगतो. आमचा जास्त पल्ल्याचा होता, तो नेमके किती ते सांगत असे.

काम शिस्तीने चालले. प्रज्वलन जुनेच ठेवले, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर खरे बोलतात का ते पाहिले. मग गाडी उभी असतानाचे रकाने, मग संथ एका वेगाने जातानाचे, आणि चढावर पूर्ण जोर लावतानाचे सर्वांत शेवटी. पाय अचानक दाबला की क्षणभर जास्त पेट्रोल द्यावे लागते. एसयू कार्ब्युरेटरमध्ये त्यासाठी डॅशपॉटमध्ये चमचाभर तेल घालतात, त्यामुळे आतला दट्ट्या सावकाश वर येतो. इथे त्या चमचाभर तेलाचे चार-पाच आकडे झाले होते. थंड इंजिन सुरू करण्याचे आकडे तर फार सोशिकपणा शिकवतात. इंजिन एकदा तापले की पुन्हा पुरते गार व्हायला रात्र जावी लागते. म्हणजे दिवसाला एकच प्रयोग, सकाळी साडेसहाला, हातात चहाचा कप घेऊन.

तिसऱ्या आठवड्यात घोळ सुरू झाला. गाडी उभी असताना मीटर १६.८ दाखवू लागले, म्हणजे मिश्रण पातळ. लॅपटॉपमधली आज्ञावली मीटर पाहून रकाने आपोआप सुधारते. तिने पेट्रोल वाढवले. मीटर पुन्हा १६ च्या वर. तिने आणखी वाढवले. शेजारच्या रकान्यांत चाळीस-बेचाळीस असताना मधल्या चार-पाच रकान्यांत साठीचे आकडे आले, जणू सपाट भाकरीवर एकच फोड यावी. इंजिन अधूनमधून मिसिंग करू लागले.

‘बाबा, पेट्रोल अजून कमीच पडते आहे,’ चिरंजीव स्क्रीनकडे बघत म्हणाले.

‘अरे, पण वास बघ की! डोळे चुरचुरताहेत माझे.’

प्लग काढून पाहिले तर चारही काजळीने काळेभोर. पातळ मिश्रणाचा प्लग पांढुरका निघतो. म्हणजे मीटर म्हणत होते उपास घडतो आहे, आणि इंजिनाला तर अजीर्ण झाले होते. मग दोघेही पायरीवर बसलो आणि आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. हे मीटर नेमके मोजते काय?

ते पेट्रोल मोजतच नाही. ते धुरातला ऑक्सिजन मोजते आणि त्यावरून पेट्रोलचा अंदाज बांधते. धुराच्या नळीला सेन्सरच्या आधी कुठे फट असेल, तर दोन स्फोटांमधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते. मीटरला ऑक्सिजन दिसतो, ते म्हणते मिश्रण पातळ. त्यावर पेट्रोल वाढवत गेलो की मिसिंग होते, मग न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि मीटर आणखी पातळ म्हणते. वेगात धूर जोराने वाहतो, तेव्हा फटीचा परिणाम कमी होतो. म्हणून चूक फक्त उभ्या गाडीच्या रकान्यांत दिसत होती.

फट शोधायची कशी? घरी गॅसच्या शेगडीची नळी गळते का ते आपण साबणाच्या पाण्याने पाहतो, तसेच. सूनबाईंचा व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून सायलेन्सरच्या टोकातून गार नळीत हवा भरली आणि जोडावर फेस लावला. मॅनिफोल्ड जिथे खालच्या नळीला मिळतो तिथे बुडबुडे आले. गॅस्केट जळले होते. पाच डॉलरच्या आसपास किमतीचा तुकडा. तो बदलून इंजिन सुरू केले, तसे मीटर १६.८ वरून थेट १०.९ वर आले. आठवडाभराच्या आमच्या साऱ्या सुधारणा म्हणजे चुका होत्या. त्या पुसून आम्ही पुन्हा आरंभ केला.

त्या दिवशी माझी छाती दोन इंच फुगली होती हे कबूल करतो. जुन्या माणसाच्या नाकाने संगणकाला हरवले, असे फोनवरून पुण्यात दोघा-तिघांना सांगूनही झाले. तो फुगा पंधरा दिवसांत फुटला.

जोराच्या रकान्यांची वेळ आली. नियम असा की, तिथे मुद्दाम दाट मिश्रणापासून सुरुवात करायची. पूर्ण जोर लावताना १२.५ ते १३ च्या आसपास हवे, कारण जादा पेट्रोल आतली उष्णता कमी करते. पातळ राहिले तर मिश्रण अवेळी पेटते, ठोके बसतात आणि प्रसंगी पिस्टनला भोक पडते. चिरंजीवांनी आकडे चढे धरले होते. मीच म्हणालो, ‘इतके कशाला? जरा कमी धर.’ हात सवयीनेच पेट्रोल वाचवायला जातो. मोठ्या रस्त्याला मिळणाऱ्या चढावर त्याने पाय पूर्ण दाबला. गाडी सुरेख ओढत होती, आवाज स्वच्छ होता. ‘वा!’ असे मी म्हणतो न म्हणतो तोच त्याने मीटर पाहून पाय काढला. घरी येऊन नोंद उघडली. दाब ९५ किलोपास्कल, फेरे ३८००, मिश्रण १४.९. अर्धा मिनिट तसेच रेटले असते तर काय झाले असते ते सांगता येत नाही. माझ्या कानाला मात्र काहीच कळले नव्हते. उलट ते त्याला गोड लागले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उत्तरार्ध सांगायचा राहिला आहे, तो हा.

१९७४ च्या उन्हाळ्यात, माझी पाठ थोपटली गेल्यानंतर काही महिन्यांनी, त्या दोनपैकी एका ॲम्बॅसडरचे इंजिन घाटात बसले. हेड उघडले तर एक्झॉस्टचा एक वाल्व जळालेला. चौकशी झाली. ड्रायव्हर गाडी ताणतो, घाटात गिअर बदलत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्याची वेतनवाढ रोखली गेली. माझ्या मनात शंका आली होती. पातळ मिश्रणाने धूर जास्त तापतो, हे मला ठाऊक होते. पण टॅपेट घट्ट राहिला तरी वाल्व जळतो, हेही ठाऊक होते, आणि मला कुणी विचारलेही नाही. स्क्रू किती फिरवला होता याची नोंद कुठेच नव्हती. माझ्या कानाला आवाज गोड लागला होता, एवढाच काय तो पुरावा. मी बोललो नाही. तो ड्रायव्हर दोन वर्षांनी नोकरी सोडून गावी गेला. दोष कुणाचा होता हे आज ठरवता येणार नाही. त्याच्या वेळी ही नोंद असती तर ते ठरवता आले असते, आणि बोलण्याचे धैर्य माझ्यात असते तर निदान शंकेचा फायदा त्याला मिळाला असता.

म्हणून मला या डब्याचे कौतुक आहे, पण ते तो हुशार आहे म्हणून नव्हे. काय केले ते त्याच्यात लिहिलेले राहते आणि दुसऱ्याला वाचता येते म्हणून. जिथे वाचता येत नाही तिथे डबाही मिस्त्रीसारखाच ‘न्या गाडी’ म्हणतो. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीला आले, ते आठवत असेल. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत अशी आज्ञावली होती, की तपासणी चालू आहे हे ओळखून ती धूर स्वच्छ ठेवायची आणि रस्त्यावर मोकाट सोडायची. ते बाहेर आले कारण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्या प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावर चालवून मोजल्या होत्या.

आता कुणी विचारील, मग आम्हीही आमच्या गाडीचा डबा उघडावा काय? नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीची धूर-नियंत्रण यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे बेकायदा आहे. एमजीबीला कन्व्हर्टर मुळातच नव्हता आणि जे जुने साहित्य होते ते चिरंजीवांनी जागेवर ठेवले होते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कारखान्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपापासून गाडी बदलू नये, असे ते सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. शिवाय ॲव्हरेजच्या किंवा पिकअपच्या मोहाने पेट्रोल कमी-जास्त केले, तर त्याचा धूर मागच्या स्कूटरवरच्या माणसाच्या नाकात जातो.

पण लिहिण्याआधी वाचणे असते, आणि वाचायला कुणाची मनाई नाही. आजच्या मोटारीत स्टिअरिंगखाली एक सॉकेट असते. त्यात बसणारा छोटा स्कॅनर मोबाइलवर आकडे दाखवतो. त्यात ‘फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा असतो. डबा स्वतःच्या कोष्टकात किती टक्के दुरुस्ती करतो आहे, ते तो सांगतो. शून्याच्या आसपास असेल तर सारे ठीक. पंधरा-वीस टक्के असेल तर कुठेतरी हवा गळते आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा सेन्सर दमला आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. ते टाकीत पडल्यावर गाडी काय करते, हेही तिथे दिसते. महिन्यातून एकदा ते आकडे वहीत उतरवून ठेवावेत. गाडी बिघडेल तेव्हा मिस्त्रीशी बोलायला आपल्याकडे काहीतरी असेल.

ऑक्टोबरात आम्ही परत आलो. निघण्याच्या आदल्या दिवशी एमजीबी पहिल्याच चावीला, थंडीत, न कुरकुरता सुरू झाली. १४४ पैकी तीसेक रकाने अजून अंदाजानेच भरलेले होते. ‘ते तुम्ही पुढच्या वेळी आलात की,’ चिरंजीव म्हणाले.

पुण्यात आल्यावर माझी इंजेक्शनची स्कूटर मिसिंग करू लागली. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पोराने स्कॅनर लावला, काहीतरी साफ केले आणि म्हणाला, ‘झालं काका, न्या गाडी.’ मी म्हटले, ‘आधी आकडा काय होता आणि आता काय आहे, ते लिहून दे.’ त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. मग बिलाच्या पाठीमागे दोन आकडे लिहिले, खाली तारीख घातली आणि मी न सांगताच सही केली.